पुलावर आधी काय घडलं? अमृतसर 1919 च्या साक्षी वाचताना

प्रश्न कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे, थोडक्यात असा: 10 एप्रिल 1919 ला अमृतसरच्या रेल्वे पुलावर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्याच दुपारी जमावाने शहरात बँका जाळल्या आणि पाच युरोपियन माणसं मारली. तीन दिवसांनी जालियनवाला बाग घडली. सरकारी साक्षीदार म्हणतात, जमाव पहिल्यापासून दंगलीच्या तयारीने आला होता. काँग्रेसच्या चौकशीतले साक्षीदार म्हणतात, लोक निःशस्त्र होते, फिर्याद घेऊन निघाले होते. साक्षीदार दोन्हीकडचे, आणि प्रत्येकाला आपापली बाजू. मग इतक्या वर्षांनी या जबाबांवरून काही ठरवता येतं का? आणि बागेत मेलेल्यांचा कोणता आकडा लिहायचा?

ठरवता येतं, आणि बरंच ठरवता येतं. मी फौजदारी वकील आहे. उलटतपासणी हेच रोजचं काम, आणि गोळीबाराच्या चौकशीत मृतांच्या नातेवाइकांच्या बाजूने उभं राहण्याचा अनुभवही आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सगळे जबाब एका रांगेत मांडून ते एकमेकांशी जुळतात का हे बघत बसलात, तर अशा प्रकरणात हाती काही लागणार नाही. तंतोतंत जुळणारे जबाब दिसले की मला उलट शंका येते, कारण बहुतेक वेळा ते कोणीतरी पढवलेले असतात. जीव घेऊन पळणारा माणूस वेळ चुकवतो, अंतर चुकवतो, किती गोळ्या झाडल्या आणि किती माणसं होती हेही चुकवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आधी काय झालं आणि मग काय झालं, हा क्रम तो बहुधा बरोबर सांगतो, नाहीतर मुद्दाम फिरवतो. म्हणून मी आधी क्रम पकडतो.

त्या दिवशीचा क्रम घ्या. सकाळी दहाच्या सुमाराला डेप्युटी कमिशनर माइल्स आयर्व्हिंग यांनी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना बंगल्यावर बोलावून घेतलं आणि तिथूनच गुपचूप धरमशाळेला रवाना केलं. बातमी शहरात फुटली, दुकानं बंद झाली, आणि लोक डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याकडे निघाले. शहर रेल्वेमार्गाच्या एका बाजूला, इंग्रजांची सिव्हिल लाइन्स दुसऱ्या बाजूला, मध्ये हॉल ब्रिज. पुलावर घोडेस्वार सैनिकांची लहानशी तुकडी होती. तिने जमाव अडवला, रेटारेटी झाली, दगड आले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या. माणसं पडली.

काँग्रेसच्या अहवालात इथे एक तपशील आहे, त्यावर बोट ठेवा. पुलाकडे जाताना हा जमाव नॅशनल बँकेवरून गेला, टाऊन हॉलवरून गेला, ख्रिश्चन मिशनच्या इमारतीवरून गेला, आणि त्याने कशालाही हात लावला नाही. वाटेत युरोपियन भेटले, त्यांनाही कोणी काही केलं नाही. तीच नॅशनल बँक काही वेळाने लोकांनी जाळली, तिच्या मॅनेजरला आणि त्याच्या सहायकाला ठार केलं. जाताना बँक शाबूत राहिली आणि परतताना जळली. या दोन घटनांच्या मध्ये पूल आहे, आणि पुलावर पडलेली माणसं आहेत. जमाव लूट आणि खून ठरवूनच निघाला होता असं म्हणणाऱ्याला आधी ही बँक समजावून सांगावी लागेल.

सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीच्या बहुमताने पुलावरचा गोळीबार योग्य ठरवला. चिडलेल्या जमावाला सिव्हिल लाइन्समध्ये शिरू देणं धोक्याचं होतं, हा त्यांचा मुख्य आधार. तो युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. तिथे बायकामुलं राहत होती आणि सैनिक थोडे होते. पण जमाव पुढे काय करेल ही भीती वेगळी, आणि तोपर्यंत जमावाने काय केलं होतं ही वस्तुस्थिती वेगळी. दुपारच्या खुनांचा पुरावा आणून सकाळच्या जमावाची नियत सिद्ध करणं, हा प्रकार मी कोर्टात वारंवार पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याला हरकत घेतली पाहिजे. नंतरची हिंसा पहिल्या गोळीचं समर्थन करू शकत नाही.

आता साक्षीदार. पुलावरचा माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे मकबूल महमूद, हायकोर्टाचे वकील. ते आणि गुरदयालसिंग सलारिया हे दुसरे वकील जमावाला मागे फिरवायला गेले होते. लोकांना समजावत होते, आणि अधिकाऱ्यांनाही ओरडून सांगत होते की थांबा, गोळी घालू नका, आम्ही यांना परत नेतो. हे दोघे सैनिक आणि जमाव यांच्या मधोमध असतानाच गोळ्या सुटल्या, डाव्या-उजव्या बाजूने गोळ्या सणसणत गेल्या, असं महमूद सांगतात. पण त्याच जबाबात ते हेही सांगतात की जमावातल्या काहींनी सैनिकांवर लाकडं आणि दगड फेकले होते.

या एका वाक्याचं मोल मोठं आहे. आपल्या बाजूला अडचणीचं ठरेल ते साक्षीदार स्वतःहून, कोणी न विचारता सांगतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या जबाबाचं वजन वाढतं. दगड आलेच नाहीत असं म्हणणं त्यांना सोपं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, म्हणून इशारा न देता गोळी सुटली हे त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो.

महमूद यांच्या जबाबाचा पुढचा भाग आणखी बोलका आहे, आणि तो नंतरच्या दिवसांचा आहे. त्या दुपारी रेल्वेचा गार्ड रॉबिन्सन आणि सार्जंट रोलँड्स हेही मारले गेले होते. मारेकरी ओळखा, असा पोलिसांनी महमूद यांच्यामागे लकडा लावला. ओळखता येणार नाही असा लेखी जबाब त्यांनी आधीच दिला होता. ते सांगतात की पोलिसांनी तो जबाब त्यांच्यादेखत फाडला, नवीन जबाब द्या म्हणाले आणि कोणाची नावं घालायची तेही सुचवलं. त्यांनी नकार दिला. लष्करी कायद्याच्या दिवसांत वकिलाची ही गत असेल, तर त्याच पोलीस चौकीत बसलेल्या दुकानदाराची किंवा हमालाची काय असेल याचा विचार करा. अमृतसरच्या 93 वकिलांना त्या काळात स्पेशल कॉन्स्टेबल करून राबवलं होतं. लष्करी कायद्याखालच्या न्यायालयांनी पंजाबात 108 जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यांतल्या बहुतेकांची पुढे कमी झाली, पण ज्या जबाबांवर ती सुनावली गेली ते कसे तयार झाले, याचा हा फाडलेला कागद मासला आहे. बाहेरच्या प्रांतातल्या वकिलांना तिथे बचावासाठी उभंही राहू दिलं जात नव्हतं.

म्हणून साक्ष वाचताना माझा दुसरा प्रश्न असतो: हे सांगताना या माणसाला कोणाची भीती होती?

जनरल डायरला हाच प्रश्न लावून बघा. बागेतल्या गोळीबाराबद्दल तुमच्यापुढे त्याचं एक म्हणणं नाही, तीन आहेत, आणि ती तारखांसह शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत. पहिला अहवाल घटनेच्या दुसऱ्याच दिवसाचा. त्यात तो म्हणतो की माझं बळ थोडं होतं, कचरलो असतो तर हल्ला झाला असता, म्हणून ताबडतोब गोळीबार करून जमाव पांगवला. म्हणजे कारण स्वसंरक्षणाचं. मग वरिष्ठांकडून संदेश आला, तुमची कृती योग्य आणि पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांना मान्य. महिने गेले, वाहवा झाली. 25 ऑगस्टच्या दुसऱ्या अहवालात कारण बदलतं. आता प्रश्न नुसता जमाव पांगवण्याचा उरत नाही. तिथे हजर असलेल्यांवरच नव्हे तर साऱ्या पंजाबवर लष्करी दृष्टीने पुरेसा परिणाम घडवायचा होता, असं तो लिहितो. 19 नोव्हेंबरला लाहोरला हंटर समितीपुढे तो हेच छातीठोकपणे बोलला, सोबत वकीलही न घेता. नोकरी गेल्यावर, 1920 च्या जुलैत, इंग्लंडमध्ये आर्मी कौन्सिलपुढे सादर केलेल्या निवेदनात मात्र पुन्हा बंड, धोका आणि आपल्या तुकडीची असुरक्षितता पुढे आली.

तिन्हींतलं खरं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. माणूस निर्धास्त असताना जे बोलतो ते जास्त खरं असतं. 1919 च्या ऑगस्ट-नोव्हेंबरमध्ये डायरला कोणाची भीती नव्हती. वरिष्ठ खूश होते, सप्टेंबरात अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही झाला होता.

आणि त्या निर्धास्तपणाचा फायदा कोणी घेतला तर मुंबई हायकोर्टाच्या वकिलाने. सर चिमणलाल सेटलवाड समितीचे सदस्य होते. त्यांची प्रश्नावली प्रत्येक तरुण वकिलाने वाचावी. आवाज चढवलेला नाही, आरोप केलेला नाही. बागेचा रस्ता अरुंद होता म्हणून चिलखती गाड्या बाहेर राहिल्या होत्या. सेटलवाड विचारतात: समजा रस्ता पुरेसा रुंद असता, तर मशीनगन चालवल्या असत्या का? डायर म्हणतो, बहुधा हो. मग बळी खूपच जास्त गेले असते? हो. दहशत बसवावी हा हेतू होता का, आणि तो फक्त अमृतसरपुरता की साऱ्या पंजाबात? साऱ्या पंजाबात. जखमींचं काय केलं, या प्रश्नावर तर तो म्हणाला की ते माझं काम नव्हतं, इस्पितळं उघडी होती, त्यांनी जायला हवं होतं. गोळीबार न करताही कदाचित लोकांना पांगवता आलं असतं, पण ते परत आले असते आणि मला हसले असते, हेही त्याने कबूल केलं.

50 रायफली, सुमारे दहा मिनिटं, 1650 फैरी. हे आकडे कोणा चिडलेल्या नातेवाइकाने दिलेले नाहीत, डायरच्याच बाजूचे आहेत.

आता 'इस्पितळं उघडी होती' हे वाक्य लक्षात ठेवा आणि रतनदेवीचा जबाब वाचा. ती बागेजवळच राहत होती. गोळ्यांचा आवाज ऐकून ती उठली, बायकांना सोबत घेऊन बागेत गेली, प्रेतांच्या ढिगात नवऱ्याचा देह सापडला. ओळखीच्या दोन मुलांना तिने चारपाई आणायला सांगितलं. पण रात्री आठनंतर बाहेर दिसेल त्याला गोळी, असा हुकूम होता. मुलं परतली नाहीत, शेजारीपाजारी कोणी यायला धजेना. रात्रभर ती हातात बांबूची काठी घेऊन कुत्री हाकलत बसली. जवळ बारा वर्षांचा एक जखमी मुलगा होता. मला सोडून जाऊ नका, म्हणाला. थंडी वाजतेय का, असं तिने विचारलं, तर त्याने पाणी मागितलं. पाणी कुठून आणणार? दुसऱ्या एका जखमीने आपला पाय उचलून ठेवायला सांगितला. सकाळी सहाच्या सुमारास माणसं चारपाई घेऊन आली.

रतनदेवीचा डायरच्या जबाबाशी काही संबंध नव्हता. तो समितीपुढे काय बोलला हे तिला माहीत असण्याचं कारण नाही, आणि तिचं नाव त्याला माहीत असण्याचंही नाही. तरीही तिच्या रात्रीने त्याचं वाक्य खोटं ठरतं, आणि तेसुद्धा त्याच्याच संचारबंदीच्या हुकुमामुळे. इस्पितळ उघडं असेल, पण तिथे नेणाऱ्याने घराबाहेर पाऊल टाकलं तर गोळी. एकमेकांना न ओळखणारे, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे दोन जबाब असे एकाच जागी येऊन बसतात, तेव्हा त्याहून बळकट पुरावा मला माहीत नाही.

एक तांत्रिक अडचण मात्र खरी आहे, ती लपवू नका. पंजाबातल्या तुरुंगात असलेल्या पुढाऱ्यांना चौकशीपुरतंही सोडायला सरकार तयार झालं नाही, म्हणून काँग्रेसने हंटर समितीवर बहिष्कार टाकला आणि स्वतःची चौकशी उभी केली. तिच्यात गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मोतीलाल नेहरूंच्या जागी आलेले मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांनी 1700 हून अधिक लोकांचे जबाब तपासले आणि त्यांतले सुमारे 650 छापले. परिणाम असा की पुराव्याचे दोन ढीग तयार झाले आणि दोन्ही अर्धे राहिले. काँग्रेसच्या साक्षीदारांची सरकारी वकिलाने उलटतपासणी घेतली नाही, आणि सरकारी साक्षीदारांना काँग्रेसच्या वकिलाने प्रश्न विचारले नाहीत. तरीही 1700 तून 650 म्हणजे चाळणी लावलेली होती, आणि मारलेल्या युरोपियनांबद्दल, जाळलेल्या इमारतींबद्दल त्या अहवालात जमावाचा स्पष्ट निषेध आहे. आपल्या माणसांची लाज वाटेल असं जे लिहितात, त्यांच्या बाकीच्या मजकुराला मी जास्त किंमत देतो. महमूद यांना लावलेला नियमच इथेही लावायचा.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण क्रम तिथेही महत्त्वाचा आहे. 10 तारखेला मार्सेला शेरवूड या मिशनच्या बाईंना एका अरुंद गल्लीत जमावाने बेदम मारलं. त्याच भागातल्या हिंदू कुटुंबांनी त्यांना उचलून घरात घेतलं आणि वाचवलं. 19 तारखेला डायरने त्याच गल्लीत हुकूम काढला: इथून जायचं तर रांगत. प्रत्यक्षात शिपायांनी लोकांना पोटावर सरपटायला लावलं, आणि मध्ये उभारलेल्या तिकटीवर मुलांना फटके मारले. गल्लीत राहणाऱ्यांना दुसऱ्या वाटेने जाता आलं असतं, असं डायर समितीला म्हणाला. रहिवाशांच्या जबाबांत वेगळंच आहे. बऱ्याच घरांना मागचं दार नव्हतं, आणि आंधळ्या म्हाताऱ्यालाही सरपटावं लागलं. नऊ दिवसांनंतर, शहर पूर्ण ताब्यात असताना, हल्ल्याशी संबंध नसलेल्या लोकांवर हे झालं. त्याला दंगल आवरणं म्हणत नाहीत. ही सामूहिक शिक्षा होती. गुजरानवाल्यावर 14 एप्रिलला विमानातून बाँब टाकले गेले, कसूरमध्ये अधिकारी मनाला येईल तशा शिक्षा शोधून काढत होते. तिथले जबाबही याच नजरेने वाचा.

तुम्ही आयोगाच्या कामात पडणार असाल तर आजच्या कायद्यातली एक गोष्ट सांगून ठेवतो. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम 6 प्रमाणे आयोगापुढे दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध दुसऱ्या खटल्यात वापरता येत नाही. माणसाने मोकळं बोलावं म्हणून ही तरतूद आहे. पण त्यामुळेच आयोगापुढचा कबुलीजबाब कोर्टात तुमच्या उपयोगी पडत नाही. तेव्हा आयोग चालू असतानाच कागदपत्रं मागून घ्या: शस्त्रागाराची नोंदवही, किती काडतुसं नेली, किती परत जमा केली, बिनतारी संदेशांच्या नोंदी, इस्पितळाचं दाखल रजिस्टर. जबाब बदलले तरी त्या दिवशी लिहिलेली नोंद बदलायला कठीण जाते.

आणि जिथे चौकशीच होत नाही तिथे काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राला सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत झालेला गोळीबार पोलिसांचा होता, लष्कराचा नव्हे. पण त्याची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली, आणि 1956 साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना त्याबद्दल संसदेत जाहीर नाराजी व्यक्त केली. हुतात्म्यांची नावं आपल्याकडे आहेत. पण कोणत्या वळणावर कोणाच्या हुकुमाने पहिली गोळी सुटली, याचे शपथेवर घेतलेले आणि उलटतपासणीत टिकलेले जबाब नाहीत. 1919 च्या पंजाबाबद्दल आज आपण भांडू तरी शकतो, कारण जबाब घेतले गेले.

राहिला आकडा. सरकार सुरुवातीला तीनशेच्या आतली संख्या सांगत होतं. सेवा समिती या स्वयंसेवी संस्थेने घरोघर जाऊन यादी केल्यावर ती 379 वर आली आणि तीच हंटर समितीने घेतली. काँग्रेसच्या अहवालाने हजाराचा अंदाज अतिशयोक्त नाही असं म्हटलं. बागेकडे तोंड असलेल्या घरातून गोळीबार पाहणाऱ्या लाला गिरधारीलाल यांचा अंदाज त्याच्या मुळाशी होता. डोळ्यांनी केलेला अंदाज आणि नावांची यादी हे दोन वेगळ्या जातीचे पुरावे आहेत, त्यांची सरासरी काढू नका. 379 ही नावानिशी नोंदलेली माणसं, म्हणजे खालची मर्यादा. ती खालची का, तर नाव द्यायला येणाऱ्याला आपला माणूस बेकायदा ठरवलेल्या सभेला गेला होता हे कबूल करावं लागत होतं, आणि मोजणी सुरू झाली तेव्हा लष्करी कायद्याची धास्ती ताजी होती. शिवाय बैसाखीच्या जत्रेला बाहेरगावाहून आलेले कित्येक जण होते, त्यांच्या घरचे अमृतसरला यादीत नाव घालायला कुठून येणार? लिहिताना असं लिहा: नोंदलेले मृत 379, प्रत्यक्षात त्याहून जास्त, काँग्रेसच्या चौकशीच्या मते हजाराच्या घरात. आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी, कधी आणि कसा काढला ते लिहा.